दिवा विझला की मुंग्या येतात

१६ मे, रात्री १०:१०. उरले २९ तास.

गुळाचं पाणी सांडलं, तिथून हे सुरू झालं. पातेलं ओव्हनच्या माथ्यावर ठेवलेलं होतं, ते कलंडलं आणि पाक दारातून आत, पार मागच्या जाळीपर्यंत गेला. ओव्हन बंद करून दहा मिनिटंही झाली नव्हती. रात्रभरात पाक दगडासारखा होईल म्हणून मी घाई केली, जाळी काढली आणि मगाने दोनदा पाणी मारलं. आतून चर्र आवाज आला. भाजी फोडणीला टाकल्यावर येतो तसा. आम्ही पुसून घेतलं आणि घरी गेलो.

आम्ही म्हणजे पाच जणी. परभणीत वसमत रोडच्या एका गल्लीत आमच्या बचत गटाचा गाळा आहे. चार ट्रेंचा विजेवरचा ओव्हन, तो जुनाच घेतलेला. मागच्या बाजूला पंखा आणि पंख्याभोवती गोल कॉइल. हवा कॉइलवरून फिरून चारही ट्रेंना सारखी लागते, म्हणून ज्वारीची बिस्किटं कडेला करपत नाहीत. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, आच कमीजास्त झाली की भुगाच हातात येतो. हे सगळं काकूंनी सहा महिने बिघडवून बिघडवून बसवलेलं गणित होतं. काकू आमच्यात सगळ्यात मोठ्या, साठीला आलेल्या.

१८ मे हा कृषी विद्यापीठाचा स्थापना दिवस, १९७२ सालचा. त्या दिवशी तिथे खरीप शेतकरी मेळावा भरतो, मराठवाडाभरातून माणसं बियाणं न्यायला येतात. आम्हाला तिथे स्टॉल मिळाला होता. याच विद्यापीठाने २०१८ मध्ये इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आणली. शेतकरी ज्या ज्वारीचं बियाणं न्यायला येतो, तिच्याच पिठाचं बिस्किट त्याच्या हातावर ठेवायचं, अशी काकूंची कल्पना. चाळीस किलो करायचं ठरलं होतं.

१७ मे, पहाटे ५:४०. उरले साडेएकवीस तास.

ओव्हन लावला. वीसेक मिनिटांनी बोर्डातून ‘खट्’ आवाज आला आणि सगळ्या गाळ्याचा लाईट गेला. बोर्डातली सुरक्षेची कळ, ईएलसीबी, पडली होती. वर केली. ओव्हन गार होता तोवर काही नाही, तापला की पुन्हा खट्. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मी तिला शिवी दिली, तेही आठवतं.

तेव्हा माहीत नव्हतं ते आता पाठ झालंय. ओव्हनची कॉइल म्हणजे नुसती तार नसते. निकेल आणि क्रोमियमची तार पोलादी नळीत ठेवलेली असते. ही मिश्रधातूची तार १९०६ पासून, अल्बर्ट मार्श या अमेरिकी माणसाच्या पेटंटपासून, जगभरच्या शेगड्यांत आहे. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरतात. ती उष्णता जाऊ देते, वीज अडवते. तापलेल्या नळीवर एकदम गार पाणी पडलं तर नळीला केसाएवढी चीर जाऊ शकते. चिरेतून पाणी आत जातं, पूड ओलावा धरून ठेवते. कॉइल गार असताना चीर मिटलेली असते. तापली, प्रसरण पावली की ती उघडते. शिवाय ही पूड तापली की वीज अडवण्याची तिची ताकदही उतरते. म्हणून वीस मिनिटं सगळं ठीक आणि मग खट्.

सकाळी ९:१०. उरले १८ तास.

वायरमन पोरगा आला. आमच्या ओळखीचा, कष्टाळू, कधी दोन पैसे जास्त न मागणारा. त्याने ओव्हनचा पिन काढला, ईएलसीबी पडली नाही. लावला, तापला, पडली. दोष ओव्हनमध्येच आहे हे त्याने बरोबर ओळखलं. मग मल्टिमीटर कॉइलच्या दोन टोकांना लावला. एकवीस ओहम.

“ताई, कॉइल चांगली हाय. तुटली असती तर काटाच हलला नसता.”

हे खरं होतं. अडीच हजार वॅटच्या कॉइलला २३० व्होल्टवर एकवीस ओहमच यायला हवेत. पण त्याने टोकापासून टोकापर्यंत तार अखंड आहे की नाही एवढंच तपासलं. तार आणि बाहेरची नळी यांच्यात वीज गळते का, हा दुसरा प्रश्न होता. तो मल्टिमीटरला विचारून भागत नाही. त्यासाठी मेगर लागतो, जो पाचशे व्होल्टचा दाब देऊन रोध मोजतो. चांगल्या कॉइलमध्ये तो कितीतरी मेगओहम दाखवतो. मेगर त्याच्याकडे नव्हता. बहुतेकांकडे नसतो. नवी कॉइल नांदेडहून मागवली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार होती, म्हणजे मेळावा उठल्यावर.

सकाळी १०:१०. उरले १७ तास.

“ही ईएलसीबीच नाजूक झालीय, उन्हानं. डायरेक्ट करू का?”

होकार मी दिला. त्याचं नाव पुढे करून मला सुटता येणार नाही. त्याने विचारलं होतं.

डायरेक्ट करणं म्हणजे काय केलं आम्ही? ईएलसीबी फक्त मोजत असते. फेजने जितकी वीज आत गेली तितकीच न्यूट्रलने परत आली पाहिजे. तीस मिलिअँपियर, म्हणजे एका अँपियरचा तेहेतिसावा भाग जरी कमी आला, तरी तो दुसऱ्या कुठल्या वाटेने जमिनीत जातोय असं धरून ती पडते. ती दुसरी वाट माणसाचं अंगही असू शकतं. एमसीबीचं काम वेगळं. आमची सोळा अँपियरची होती, तिला वायर जळू नये एवढीच काळजी. माणसाला मारायला जेवढी वीज लागते तेवढी तिच्या खिजगणतीतही नसते.

ईएलसीबी काढून त्याने माझ्या हातात दिली, मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. तारा थेट एमसीबीला जोडताना आणखी एक गोष्ट झाली, तिचा पत्ता आठ दिवसांनी लागला. ओव्हनकडे जाणारी फेज आणि न्यूट्रल उलटसुलट झाली. ओव्हन तरीही तापतो, पंखा फिरतो, दिवा लागतो. फरक एवढाच की ओव्हनचा स्विच आणि थर्मोस्टॅट जी तार तोडतात ती आता फेज राहिली नाही, न्यूट्रल झाली. स्विच बंद केला की परतीची वाट बंद होते, येणारी वीज मात्र कॉइलमध्ये तशीच उभी राहते.

ओव्हन लावला. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. खट् नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुपारी १२:४०. उरले साडेचौदा तास.

पाचवा घाणा काढताना काकूंनी हात झटकला. “हात लावला की मुंग्या यायल्यात गं.”

मी लावून पाहिलं. मला काही जाणवलं नाही. माझ्या जावेने लावला, तिला जाणवलं. परत मी लावला, नाही. आम्ही म्हटलं, घामाने होत असेल. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि पत्र्याखाली ओव्हन. काकू थोडा वेळ ओव्हनसमोर उभ्या राहिल्या, दाराला बोट लावायच्या, काढायच्या. मग म्हणाल्या, “दिवा विझला की मुंग्या येतात. दिवा असला की न्हाई येत.”

थर्मोस्टॅटचा पिवळा दिवा. ओव्हन तापत असतो तोवर तो लागलेला असतो, ठरलेलं तापमान आलं की विझतो.

हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात घोळवलं असेल! चीर कॉइलच्या एका टोकाजवळ होती. फेज-न्यूट्रल उलटल्यावर ते टोक न्यूट्रलच्या बाजूला आलं. कॉइल चालू असताना त्या जागी दाब जवळजवळ शून्य, म्हणून मुंग्या नाहीत आणि म्हणूनच सगळं बरं झाल्यासारखं वाटलं. थर्मोस्टॅटने न्यूट्रल तोडली की अख्खी कॉइल २३० व्होल्टवर जाते आणि चिरेतून वीज पत्र्यावर उतरते. चालू ओव्हन सौम्य, बंद ओव्हन जीवघेणा. शाळेत चौथीपुढे न गेलेल्या बाईने बोटाने चाचपून दोषाची जागा सांगितली होती. त्या वाक्यावरून कुठल्याही जाणत्या माणसाने पाच मिनिटांत तारा उलट्या आहेत हे ओळखलं असतं. मी म्हणाले, “काकू, चपला घाला आणि फळीवर उभ्या राहा.”

मुंग्या येतात त्या साधारण एका मिलिअँपियरला. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर मोजून पाहिलं होतं की किती विजेला धरलेली मूठ सोडता येत नाही. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपियर आली, बायकांची साडेदहा. १९६१ मध्ये ईएलसीबीच्या जातीचं, माणसाला वाचवण्याइतकं नाजूक यंत्र त्यांनीच अमेरिकेत बनवलं. मुंग्या आणि न सुटणारी मूठ यांच्यात दहा पटींचं अंतर आहे. आम्ही त्या अंतरात दिवसभर काम केलं.

दुपारी २:१०. उरले १३ तास.

लाईट गेली. अकरा किलो झाले होते. साडेपाचला आली. मधले तीन तास आम्ही भिजवलेल्या पिठाच्या गोळ्यांवर ओली फडकी घालत बसलो.

संध्याकाळी ६:१०. उरले ९ तास.

मुंग्या वाढल्या. वायरमनला फोन केला. तो म्हणाला, अर्थिंगमध्ये पाणी टाका. गाळ्यामागे अर्थिंगचा खड्डा आहे, कोळसा आणि मीठ घालून पट्टी पुरलेली. जाऊन पाहिलं तर भोवतीच्या जमिनीला हात जाईल एवढी भेग.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते. मे महिन्यात ती अर्थिंगच्या पट्टीपासूनही सुटते. ओलसर मातीत ज्या खड्ड्याचा रोध पाच ओहमच्या आत असायला हवा, तो कोरडा पडल्यावर कितीतरी पट वाढतो. मग पत्र्यावर उतरलेली वीज जमिनीत जाऊ शकत नाही, पत्र्यावरच थांबून राहते. अर्थिंग वर्षातून एकदा, तेही ऐन उन्हाळ्यात तपासायला हवं हे मला मनापासून सांगावंसं वाटतं. परभणीत, हिंगोलीत, नांदेडात, जिथे काळी जमीन आहे तिथे सगळीकडे.

आम्ही चार बादल्या ओतल्या. काकूंनी दाराला हात लावला. “हां, आराम पडला.” खरंच पडला होता. मग कामाला वेग आला. तापलेल्या भेगाळ जमिनीने ते पाणी किती वेळ धरलं असेल?

रात्री १०:१०. उरले ५ तास.

बावीस किलो. रात्रपाळी करायची ठरली. जाऊ म्हणाली, शटर ओढून घेऊ, बायका-बायका आहोत. मी ठाम नाही म्हणाले. माझ्या मनात पुण्याची कोंढव्याची बेकरी होती. ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली, आत झोपलेले सहा कामगार गुदमरून गेले, शटरला बाहेरून कुलूप होतं. ती बातमी वाचल्यापासून बेकरी म्हटलं की मला ते शटर दिसतं. म्हणून आमचं शटर पूर्ण वर, दाराशी वाळूची बादली, गॅसची टाकी बाहेर. आगीची सगळी तयारी मी केली होती. माझ्या डोक्यात विजेची भीती म्हणजे धूर आणि ज्वाळा. ती पत्र्यावर गुपचूप उभी असते, तिला वास नसतो, हे त्या रात्री माझ्या डोक्यात आलंच नाही.

गाळ्यात मजा चालली होती, हेही लिहिलं पाहिजे. काकूंनी एक बिस्किट मोडून उजेडात धरलं, कण बघितला आणि म्हणाल्या, “जगात जर्मनी, भारतात परभणी.” पोरी हसत सुटल्या.

१८ मे, रात्री १:४०. उरला दीड तास.

मुंग्या परतल्या. काकू कोरडं फडकं धरून ट्रे काढत होत्या, त्यामुळे कुणी विशेष बोललं नाही. ओव्हनच्या मागून एकदोनदा तडतड ऐकू आली. आम्हाला वाटलं, राहिलेला गूळ जळतोय. चिरेतली ठिणगी आता नळीला आतून खात होती, वाट रुंद होत होती.

रात्री २:५५. उरला पाव तास.

छत्तीस किलो. शेवटचे दोन-तीन घाणे. एका पोरीच्या हातून पिठाचं घमेलं फरशीवर पडलं, तिने पोछा मारला. फरशी ओली झाली. काकूंनी पायातल्या चपला काढल्या. पिठाच्या फरशीवर चपला नकोत, ही त्यांची सवय. फळी पोछ्यासाठी सरकवलेली होती.

खालच्या ट्रेखाली काहीतरी करपत होतं. काकूंचा एक नियम होता, तो त्यांनीच आम्हा सगळ्यांना घालून दिला होता: बंद केल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

३:१०.

त्यांनी ओव्हनचा स्विच बंद केला. दिवा विझला. पुसायला ओलं फडकं घेतलं आणि दुसऱ्या हाताने आतल्या जाळीची कड धरली.

ओरडल्या नाहीत. ते मला कळायला वेळ लागला त्याचं कारण हेच. त्या नुसत्या उभ्या होत्या, जरा ताठ, जाळीला धरून. या विजेने बोटं मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा जोरात आवळले जातात, माणूस तार पकडतो आणि तार त्याला सोडत नाही. पोरीने “काकू?” म्हणत हात पुढे केला, तेवढ्यात जावेने तिला वेणी धरून मागे ओढलं. तिलाही लागली असती. मी बोर्डाकडे धावले. सहा पावलं. मेन स्विच खाली पाडला आणि अंधारात काहीतरी जड फरशीवर पडल्याचा आवाज ऐकला.

श्वास होता. अगदी थोडा, पण होता. १०८ ला फोन लावला. शटर वर होतं म्हणून समोरच्या घरातल्या माणसाला आमचा आरडाओरडा ऐकू गेला, त्याने रिक्षा काढली. दवाखान्यात रात्रभर त्यांच्या छातीला ईसीजीच्या तारा होत्या. मेळाव्याला कुणी गेलं नाही.

काकू वाचल्या. उजव्या तळहाताला जाळीच्या कडेची भाजलेली रेघ आहे, आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट वळत नाही. भाकरी थापता येत नाही त्यांना. चाळीस-पंचेचाळीस वर्षं रोज थापली. आता परातीपुढे बसतात, सून थापते, आणि काकूंचा हात मांडीवर आपोआप गोल फिरत असतो.

२६ मे, दुपार.

दुसरे एक इलेक्ट्रिशियन आले, म्हातारे, आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेले. लाकडी पेटीतून मेगर काढला. एक वायर कॉइलच्या टोकाला, एक ओव्हनच्या पत्र्याला. मूठ फिरवली. काटा शून्यावरून हललाच नाही. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल. कॉइल बाहेर काढली तेव्हा टोकापासून चार बोटांवर चीर होती, तिच्या मध्यावर मोहरीएवढं भोक, त्याच्या कडेला पांढरी पूड. मग त्यांनी तारा तपासल्या, उलट्या आहेत हे दाखवलं, आणि विचारलं, “ईएलसीबी कुठंय?”

ड्रॉवरमध्ये होती, बिस्किटांच्या साच्यांखाली. त्यांनी ती बोर्डात बसवली, वर केली आणि तिच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबलं. महिन्यातून एकदा दाबायचं असतं ते. आम्ही कधीच दाबलं नव्हतं.

खट्.

पुन्हा वर केली, पुन्हा दाबलं. खट्. तिला काहीही झालेलं नव्हतं.

काकू स्टुलावर बसल्या होत्या, हात पट्टीत. त्यांनी चाचरत, कुणाची तक्रार केल्यासारखं होऊ नये अशा बेताने, दिव्याचं आणि मुंग्यांचं सांगितलं. त्या गृहस्थांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, त्यांच्याकडे वळून बसले आणि म्हणाले, “पहिल्यापासून सांगा बरं. हे तुमच्या ध्यानात कधी आलं?”

“दुपारी,” काकू म्हणाल्या. “जेवायच्या आधी.”